सोसायटी ग्रुप: ‘पूर्वीचे दिवस’ या फॉरवर्डवरून

बी-१०४ काका, रात्री ९.१२
(फॉरवर्ड) घरं लहान होती पण माणसं मोठी होती. हवा चांगली, अन्न चांगलं, पाणी चांगलं. आता फक्त ऱ्हास चालू आहे. पटलं तर पुढे पाठवा.

सी-५०२ सेक्रेटरी, ९.१६
उद्या टँकर ६ ऐवजी ९ वाजता येणार आहे. टाकी अर्धीच आहे. सकाळी गाड्या धुऊ नयेत, ही विनंती.

ए-७०३, ९.४१
काका, तुमचा मेसेज वाचून रडूच आलं. मला सातवा लागलाय, सगळ्यांना माहीत आहेच. फोन हातात घेतला की कुठे युद्ध, कुठे पूर, नाहीतर उन्हाचे आकडे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. अशा जगात मूल आणतोय, हे बरोबर करतोय का आपण? खरं काय ते सांगा. नुसती समजूत काढू नका.

बी-१०४ काका, ९.४८
अगं बाळा, तुला घाबरवायला नव्हता टाकला गं तो. चुकलं माझं.

डी-४०४ सर, ९.५५
मी शाळेत शिकवतो तेच सांगतो. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जायची. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. जगभरात १९९० मध्ये पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं गेली, २०२२ मध्ये ४९ लाख. ४९ लाखही फार आहेत, पण फरक केवढा पडलाय बघा.

ए-७०३, ९.५८
सर, थँक्यू. आकडे वाचून बरं वाटलं, पण भीती काही जात नाही.

ए-२०१ काकू, १०.२३
बोलून टाइप करतेय, चुकलं तर समजून घ्या. ३७ वर्षं उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होते, म्हणून लिहिते.

आमच्या आईची नऊ बाळंतपणं झाली. आम्ही पाच जगलो. आता भावंडं जमलो की ‘काय ते दिवस होते’ असं आम्हीच म्हणतो. उरलेल्या चौघांना कोण विचारणार?

धाकटीचं सांगते. १९७२ चा दुष्काळ, बीडकडचं गाव. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, मी चौदा वर्षांची, धाकटीला बाभळीच्या झोळीत घालून बसायचे. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. धाकटीला हगवण लागली. तेव्हाची रीत अशी, की हगवण लागली की पाणी तोडायचं. पाणी पाजलं की जास्त होतं म्हणायचे. ती माझ्या हातातल्या तांब्याकडे बघायची आणि मी तांब्या पाठीमागे लपवायचे. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली, खाली बसेना. त्याचा अर्थ मला पुढे ट्रेनिंगमध्ये कळला. अंगातलं पाणी संपलेलं होतं. संध्याकाळी गेली.

आता पुढचं ऐका. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७१ साली, बंगालमध्ये बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ होती. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरला आणि नातेवाइकांना सांगितलं, पेल्याने पाजत राहा. शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती, ती चारच्या आत आली. म्हणजे माझ्या बहिणीचं औषध तेव्हा जगात होतं. चुलीपाशी मीठ होतं, कामावर साखर मिळाली असती. आमच्या गावापर्यंत सांगायला कोणी आलं नव्हतं, एवढंच.

नोकरी लागली तेव्हा मी तेच केलं. घरोघर जाऊन जलसंजीवनी, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी कालवून दाखवली. सासवा हात धरायच्या, ‘सिस्टर, पोराला मारता का?’ मी स्वतः मांडी घालून बसायचे आणि चमच्या-चमच्याने पाजायचे. तासाभराने पोर लघवी करायचं, डोळ्यात पाणी यायचं, रडायला लागायचं. त्या रडण्याचा आवाज मला अजून सगळ्यात गोड वाटतो. पोलिओचंही तसंच. खांद्याला बर्फाचा डबा, दारावर खडूची खूण, बाळाच्या करंगळीला शाई. जानेवारी २०११ नंतर देशात जंगली (लशीतून न आलेल्या) पोलिओचा एक रुग्ण नाही. त्याआधी देवीची साथ १९७५ मध्ये संपली. ए-७०३, तुझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण नाही, माझ्या आहे. तुझ्या बाळाला ती भीतीच नाही.

डी-४०४ सर, १०.३१
काकू, उद्या वर्गात हे सांगू का? तुमचं नाव न घेता.

ए-२०१ काकू, १०.३२
नाव घेतलं तरी चालेल. धाकटीचं ठेवायचं राहिलं होतं, तिला नुसतंच बाळी म्हणायचे.

बी-१०४ काका, १०.४४
काकू, नमस्कार तुम्हाला. फॉरवर्ड टाकला त्याचं वाईट वाटतंय. पण एक बोलू द्या. माझं गाव लातूरकडचं. लहानपणी आमच्या विहिरीला आठ परसावर, म्हणजे आठ माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर पाणी होतं. आता भाऊ ७०० फूट खाली गेला तरी धूळ निघते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं, मी स्टेशनवर बघायला गेलो होतो. माणसं टाळ्या वाजवत होती आणि मला लाज वाटत होती, की आपण पाणी एवढं उपसलं कसं. ते वाईट झालंय हो. ते कोणी नाकारू नये.

डी-४०४ सर, १०.५१
काकांचं बरोबर आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड कारखाने यायच्या आधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. मुलं उन्हात मैदानावर उभी राहू शकत नाहीत, प्रार्थना आम्ही वर्गातच घेतो.

ए-२०१ काकू, १०.५८
कोण नाकारतंय? काका, तुम्ही म्हणता ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मला फक्त ‘पूर्वी सगळं चांगलं होतं’ हे सहन होत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून बाळं वाचवली. तिथे मोठं हॉस्पिटल बांधावं लागलं नाही. दारोदार जाणारं कोणीतरी लागलं. आपल्या बोअरवेलसाठी असं दारोदार कोण गेलं? गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात जातं. ते खाली मुरवायचं, हे तीन मीटिंगांत ठरलं आणि तिन्ही वेळा पुढे ढकललं.

सी-५०२ सेक्रेटरी, ११.०२
काकू, खर्चाचा प्रश्न होता.

ए-२०१ काकू, ११.०३
टँकरचा होत नाही का?

ए-७०३, ११.१०
काकू, मी तुमचा मेसेज नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. दोघंही गप्प बसलोय. ते जलसंजीवनीचं प्रमाण लिहून द्याल का? फ्रिजवर लावते.

ए-२०१ काकू, ११.१४
१ लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचाच, शीग भरायची नाही. मीठ जास्त झालं तर धोका असतो. पाकीट मिळालं तर पाकीटच बरं. तुझं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तेव्हा मात्र घरी प्रयोग नकोत. अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि तडक दवाखाना. आता फोन ठेव आणि डाव्या कुशीवर झोप.

बी-१०४ काका, ११.२०
उद्या टँकर येईल तेव्हा ९ वाजता मी खाली असेन. पावसाळ्याला अजून अवकाश आहे. गच्चीचा पाइप बोअरपर्यंत कुठून न्यायचा ते मोजून घेऊ. माझ्याकडे टेप आहे. कोण येतंय?

डी-४०४ सर, ११.२१
मी. शाळा उद्या दुपारची आहे.

सी-५०२ सेक्रेटरी, ११.२४
येतो. जुनं कोटेशनही घेऊन येतो.

ए-७०३, ११.२५
मी पण. खुर्ची ठेवा.