पायातल्या धमनीत ब्लॉकेज: हा आजार सुरू कुठून होतो? (मदत हवी आहे)

नमस्कार. बाबांबद्दल (वय ६६) विचारायचं आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, त्यामुळे गोळ्या सुचवू नका. मला आजार समजून घ्यायचा आहे. बाबांना कारण पटल्याशिवाय ते सिगारेट सोडणार नाहीत, आणि पटवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

त्यांना मधुमेह आहे. थोडं चाललं की उजवी पोटरी आवळल्यासारखी दुखते. मग चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून ते वाकून थांबतात. जरा वेळाने दुखणं जातं, तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतं. घोट्यापाशी आणि दंडावर रक्तदाब मोजून गुणोत्तर काढलं, ते उजव्या पायाचं ०.६८, म्हणजे कमी आलं. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मांडीतली धमनी अरुंद दिसली.

छातीत काहीच त्रास नसताना डॉक्टर हृदयाचीही तपासणी करा म्हणाले, ते का? कोलेस्टेरॉल लॅबच्या मर्यादेत आहे, तरी ते कमी करायची गोळी का? आणि बाबा म्हणतात, नळात गाळ साचतो तसं हे वयाने होणारच, आता सिगारेट सोडून काय फरक पडणार? यावर काय उत्तर देऊ? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

ताई, आधी गाळाचं बघू, कारण खरा गोंधळ तिथे आहे. चरबी धमनीच्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचते. भिंतीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. धूर, जास्त साखर, रक्तदाब यांनी तो बिघडला की रक्तातले एल.डी.एल. कण (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे) त्याखाली शिरून अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच मरतात. ही वर्षानुवर्षं चालणारी सूज आहे. शरीर तिच्यावर तंतूंचं आवरण चढवतं, पुढे कॅल्शियमही जमतं.

'वयाने होतं' हे अर्धंच खरं. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय २२, आणि सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. सुरुवात तरुणपणीच होते. पुढचा वेग किती, हे बऱ्याच अंशी सिगारेट, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ठरवतात.

मग इतकी वर्षं कळत का नाही? कारण भिंत जाड होताना धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. संशोधक ग्लागोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली हृदयाच्या धमन्यांत दाखवलं, की आतल्या जागेचा सुमारे ४० टक्के भाग व्यापला जाईपर्यंत रक्ताची वाट फारशी अरुंद होत नाही. त्रास होत नाही म्हणजे आजार नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळेच. पातळ आवरण फाटलं तर त्यावर रक्ताची गुठळी होते, आणि कालपर्यंत किरकोळ वाटणाऱ्या जागीसुद्धा वाट अचानक बंद पडू शकते. हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो.

आता हृदयाचं. रक्त साऱ्या शरीरात तेच फिरतं. जिथे धमनीला फाटे फुटतात तिथे प्रवाह विस्कळीत होतो आणि आतला थर लवकर बिघडतो. मान, हृदय, पोट, पाय, सगळीकडे अशा जागा आहेत. एका ठिकाणी आजार सापडला की बाकीच्या ठिकाणीही तो असण्याची शक्यता बरीच असते.

कोलेस्टेरॉलची छापील मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. आजार दिसलेल्या माणसाचं एल.डी.एल. त्याहून बरंच खाली आणावं लागतं. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) भिंतीतली चरबी आणि सूज कमी होते, आवरण घट्ट होतं.

धागाकर्ती

खूप आभार! सैनिकांचं बाबांना वाचून दाखवणार आहे. आणखी एक: स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला की विषय संपेल का? आणि आम्हा भावंडांनीही तपासून घ्यावं का?

प्रतिसाद २

स्टेंट एक जागा मोकळी करतो, बाकीच्या भिंती तशाच राहतात. म्हणून पायाच्या अशा दुखण्यात सहसा आधी चालण्याचा व्यायाम आणि औषधं असतात: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. हृदयाची तपासणी झाली की डॉक्टरांना विचारून सुरू करा. बाबांना सांगा, सिगारेटने रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते, आणि सोडल्यावर ती कमी व्हायला वर्षं लागत नाहीत. पायाच्या या आजाराची सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे धूम्रपान आणि मधुमेह. त्यातलं एक तरी पूर्ण थांबवता येतं.

तुम्ही भावंडांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल जरूर बघून घ्या.

एक लक्षात ठेवा. रात्री झोपल्यावरही पाऊल दुखू लागलं किंवा बोटावरची जखम भरेना, तर एक-दोन दिवसांतच दाखवा. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. तिथे काही तासांवर पाय वाचणं अवलंबून असतं.