ठाणे : लिपस्टिक प्लांटच्या वेली खालून उघड्या पडत आहेत, मदत हवी आहे

नमस्कार.

घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतीत 11व्या मजल्यावर आमचे घर आहे आणि पूर्वेकडच्या गॅलरीत, जिथे सकाळी साडेनऊपर्यंतच ऊन येते, तिथे मी तीन टांगत्या कुंड्या लावल्या आहेत. तिन्हींतली झाडे आफ्रिकन व्हायोलेटच्या कुळातली, म्हणजे जेस्नेरिएसीमधली, लोंबत वाढणारी आहेत : एक लिपस्टिक प्लांट (ईस्किनँथस), एक गोल्डफिश प्लांट (कोलम्निया) आणि एक एपिशिया. एपिशिया ठाण्याच्या दमट उकाड्यात अगदी सुखात आहे आणि धुमारे सोडून नवी रोपे करते आहे. अडचण लिपस्टिक प्लांटची आहे.

हे झाड सावंतवाडीच्या आमच्या घरचे. तिथे ते आंब्याच्या खोडाला बांधलेल्या नारळाच्या सोडणात वाढत असे. आईने ते घर बंद केले तेव्हा दोन वेली ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिल्या. त्यामुळे नर्सरीतून दुसरे रोप आणून माझे भागणार नाही, हेच झाड मला वाचवायचे आहे.

पहिली दोन वर्षे सहा इंची कुंडीत त्याला उत्तम फुले आली. यंदा फुले कमी वाटली म्हणून जून महिन्यात मी ते दहा इंची कुंडीत हलवले आणि लाल माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) व गांडूळखत सम प्रमाणात भरले. ऑगस्टपासून बुंध्याकडची पाने पिवळी पडून गळू लागली आणि उरलेली सुरकुतली. सुरकुतलेले पान पाहून झाड तहानले आहे असे मला वाटले, म्हणून मी पाणी वाढवले. वाऱ्याबरोबर गॅलरीत येणाऱ्या पावसाचा हिशेब मी धरलाच नाही. गेल्या रविवारी कुंडी उलटी करून पाहिली, तेव्हा कडेचे मिश्रण चिखलासारखे आणि आंबूस वासाचे निघाले. बाहेरच्या मुळ्या तपकिरी झाल्या असून बोटाने ओढताच त्यांची साल निघून आत फक्त दोरा उरतो. मध्यभागी मात्र मुठीएवढ्या पांढऱ्या मुळ्या शिल्लक आहेत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वेली किती छाटाव्यात? नवे मिश्रण कोणते घ्यावे? आणि ऑक्टोबरच्या उन्हात झाड गॅलरीतच ठेवावे की घरात घ्यावे? जाता जाता, कोलम्नियाच्या कळ्या मे महिन्यात गळतात, त्याचे कारणही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद

तुमचे वर्णन मुळे कुजल्याचेच आहे. कुजलेली मुळी पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे कुंडी ओली असतानाही पान तहानल्यासारखे दिसते आणि आपण नेमके त्याच वेळी आणखी पाणी घालतो. ईस्किनँथस मूळचे आशियातल्या पावसाळी जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारे आहे. तिथे धो धो पाऊस पडतो, पण तो मुळ्यांपाशी थांबत नाही. सावंतवाडीच्या सोडणात हेच आपोआप साधत होते. मातीने आणि गरजेपेक्षा मोठ्या कुंडीने ते बिघडवले.

कुजलेल्या मुळ्या कात्रीने काढून टाका आणि उरलेल्या मुठीएवढ्या गड्डीला बसेल अशीच, म्हणजे चार किंवा पाच इंची, कुंडी घ्या. नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे दोन भाग, परलाइट (कुंडीत घालायचे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) एक भाग आणि धुतलेले कोकोपीट एक भाग घ्या. माती अजिबात नको. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका.

छाटणीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका, कारण मुळ्या कमी असताना लांब वेलींचा भार झाडाला पेलत नाही. वेली निम्म्यावर आणा आणि छाटलेल्या निरोगी शेंड्यांची प्रत्येकी चार इंचांची छाटकलमे करा. खालच्या दोन पेरांवरची पाने काढून ती ओलसर मॉसमध्ये (शेवाळात) किंवा परलाइटमध्ये खोचा आणि वरून पारदर्शक पिशवी सैल बांधा. मुळ्या धरायला साधारण महिना लागतो. आईच्या झाडाचा खरा विमा ही कलमेच आहेत, म्हणून मी कुंडीच्या आधी ती करीन.

जागा बदलू नका, सकाळचे कोवळे ऊन त्याला हवेच आहे. फक्त दहानंतर उन्हाची तिरीप येत असेल तर हिरवी जाळी लावा. कोलम्नियाच्या अनेक जाती मध्य अमेरिकेतल्या धुक्याच्या, गार रात्रींच्या डोंगरजंगलांतल्या आहेत. आपल्या मे महिन्यातल्या रात्री तिला फार उष्ण होतात, आणि त्यातच कुंडी एकदा कोरडी पडली की कळ्या गळतात. त्या दिवसांत ती घरातल्या सर्वांत गार खिडकीशी ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. काल 9 कलमे केली, त्यातली 6 मॉसमध्ये आणि 3 परलाइटमध्ये आहेत. मूळ झाड पाच इंची कुंडीत बसवले. सोडणे कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडून मिळाली आणि ती दोन दिवस पाणी बदलत भिजवून घेतली. आता कलमांवरची पिशवी दिवसातून किती वेळ उघडी ठेवावी, एवढे मात्र सांगावे, कारण आतल्या बाजूने पाण्याचे थेंब फार जमत आहेत.