रीजनल मेक्सिकन गटांची लोकप्रियता: स्थलांतरितांची स्वतःची, की बाजाराने घडवलेली?

मेधा (सॅन होजे):
२०२३ मध्ये ‘एला बायला सोला’ हे गाणे बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले. रीजनल मेक्सिकन, म्हणजे मेक्सिकोच्या प्रादेशिक लोकशैलींतल्या, गाण्याने तिथवर मजल मारण्याची ती पहिलीच वेळ होती आणि तेव्हापासून हे संगीत जणू स्ट्रीमिंगनेच जन्माला घातले, अशा थाटात लिहिले जाते. मला ते मान्य नाही. मी राहते त्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतच ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ हा गट वाढला. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या रोसा मोरादा या खेड्यातली ही भावंडे १९६०च्या दशकाच्या अखेरीस येथे आली आणि ॲकॉर्डियनच्या साथीने आपल्या लोकांच्या कहाण्या गाऊ लागली. १९८०च्या दशकातले त्यांचे एक गाणे आहे ‘ला हाउला दे ओरो’, म्हणजे सोन्याचा पिंजरा. त्यातला बाप कागदपत्रांविना येथे येऊन कमावता झाला आहे. पण मुले स्पॅनिश विसरली आहेत, आणि पकडून परत पाठवतील या धास्तीने त्याला घराबाहेर पाऊल टाकवत नाही. शेतात, बांधकामावर, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या माणसाला, जी गोष्ट तो घरातही बोलू शकत नव्हता, ती या गाण्यात ऐकू आली. असे नाते कोणत्याही जाहिरातीने जुळत नाही.

अनिरुद्ध:
मेधाताई, आपण निवडलेले उदाहरण सुंदर आहे, पण ते अर्धेच चित्र आहे. याच गटाला १९७०च्या दशकात प्रथम मोठे नाव मिळवून देणारे गाणे मोटारीच्या टायरांत गांजा दडवून सीमेपार नेणाऱ्या जोडप्याचे आहे, आणि त्याचा शेवट खुनात होतो. पुढे अशीच गुन्हेगारीची कथागीते गाणाऱ्या चालिनो सांचेस या गायकाची १९९२ मध्ये सिनालोआतल्या कुलियाकानमधल्या कार्यक्रमानंतर हत्या झाली, तर त्याची कीर्ती मृत्यूनंतर अधिकच पसरली. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या झापोपानच्या एका सभागृहात ‘लोस अलेग्रेस देल बारांको’ या गटाच्या कार्यक्रमात एका कार्टेलच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळीच्या, प्रमुखाचे चित्र पडद्यावर झळकले आणि प्रेक्षकांनी जल्लोष केला. ज्या राज्यात हजारो कुटुंबे आपल्या बेपत्ता माणसांना शोधत फिरत आहेत, तिथे हा जल्लोष झाला, हे मला विसरता येत नाही. अमेरिकेने त्या गटाचे व्हिसा रद्द केले, ते योग्यच झाले. पुढच्याच महिन्यात मेक्सिकोतल्या तेश्कोकोच्या जत्रेत लुइस आर. कोनरिकेस या गायकाने टोळ्यांचे गुणगान करणारी गाणी गाण्यास नकार दिला, तेव्हा प्रेक्षकांनी मंचावर चढून वाद्यांची मोडतोड केली. यातली किती मागणी घराच्या ओढीची आणि किती बंदुकीच्या आकर्षणाची?

सलील:
दोघेही ‘श्रोते’ हा शब्द फार सैल वापरत आहात. २०२०च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ६.२ कोटी हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक वंशाचे लोक, आहेत आणि त्यांतले साधारण साठ टक्के मेक्सिकन वंशाचे आहेत. मायामीतल्या क्युबन किंवा न्यूयॉर्कमधल्या डॉमिनिकन घरात साल्सा, मेरेंगे, बचाता वाजत आले आहेत. मेक्सिकन गटांतला तुबा, म्हणजे ते मोठे पितळी वाद्य, त्यांच्या लग्नातले नव्हे.

मेधा:
सलील, आपली दुरुस्ती मला मान्य आहे. माझे म्हणणे मेक्सिकन वंशाच्या श्रोत्यांपुरतेच आहे.

अनिरुद्धजी, झापोपानच्या त्या चित्राचे समर्थन मी करणार नाही. पण आपला प्रश्न लोकप्रियतेच्या मुळाचा आहे, आणि तिथे काळाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. स्ट्रीमिंगचा मागमूसही नसताना, १९९२ मध्ये, बांदा आणि रांचेरा या मेक्सिकन शैलींची गाणी वाजवणारे के.एल.ए.एक्स. हे स्पॅनिश रेडिओ केंद्र इंग्रजी केंद्रांनाही मागे टाकून लॉस एंजेलिसमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. हा श्रोता तेव्हाही होता. त्याची मोजदाद मात्र मोठ्या कंपन्यांना उशिरा सुचली. आणि आजचे गट कुठले आहेत ते पाहा: ‘फुएर्सा रेहिदा’ कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचा, ‘एस्लाबोन आर्मादो’ त्याच राज्यातल्या पॅटरसनचा, ‘ग्रुपो फ्रोंतेरा’ टेक्सासमधल्या एडिनबर्गचा. इंग्रजी शाळांच्या या देशात ही पोरे स्पॅनिशमध्ये गातात आणि त्यांच्याच वयाची पोरे त्यांच्याबरोबर शब्दन्‌शब्द म्हणतात. पिंजऱ्यातल्या त्या बापाला ज्या भाषेची काळजी होती, ती नातवंडांच्या पिढीत परत आली आहे, आणि हे माझ्या लेखी यादीतल्या क्रमांकापेक्षा फार मोठे आहे.

अनिरुद्ध:
रेडिओचा दाखला बिनतोड आहे. बाजाराने ही आवड घडवली नाही, हे मी मान्य करतो. भाषेविषयीही वाद नाही. मात्र परत आलेल्या भाषेत कोणाचे गुणगान होते, हा माझा आक्षेप कायम आहे. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शीनबाउम यांनी २०२५ मध्ये सरसकट बंदीऐवजी, हिंसेचा गौरव न करणाऱ्या गाण्यांची स्पर्धा मेक्सिको आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या तरुणांसाठी जाहीर केली. सरकारी स्पर्धेतून दुसरा ‘सोन्याचा पिंजरा’ निघेल, अशी आशा मला नाही. तो लिहायचा तर सॅन बर्नार्डिनोच्या त्या पोरांनीच लिहायला हवा, आणि त्यांनी तो अजून लिहिलेला नाही, असे माझे मत आहे.