दानीएल ११:३३-३५ : समजावणारेच का पडतात?

खानापूरची सून

नमस्कार. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक शिकवतेय. सिंहांच्या गुहेपर्यंत मजेत चाललं, अकराव्या अध्यायात मात्र एका मुलीनं अडवलं. लोकांतले सुज्ञ पुष्कळांना समजावतील आणि तेच काही काळ तलवारीनं, आगीनं, कैदेनं, लुटीनं पडतील, असं तिथं आहे. ती म्हणाली, "टीचर, दानीएलला सिंहांनी खाल्लं नाही, त्याचे ते तिघं सोबती भट्टीतून बाहेर आले. मग यांनाच देवानं का सोडून दिलं?"

घरी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात काय विचारायचं, आपल्याबद्दलच लिहिलंय ते. २०२१ च्या डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हापासून आमच्या घरगुती प्रार्थनांत हेच वचन फिरतंय. त्यांचा जीव घाबरतो, ते मला कळतं. पण मुलांच्या मनात धास्ती घालून वर्ग संपवायचा नाही मला. आणि ३४ व्या ओवीत त्यांना थोडीशी मदत मिळेल म्हणतात, ती कुणाची? जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर

ताई, हे शेवटच्या काळाचं वचन आहे. ख्रिस्तविरोधक, म्हणजे शेवटी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, उठेल, मोठं संकट येईल, विश्वासणाऱ्यांचा छळ होईल. सासूबाई बरोबर बोलल्या. मुलांना आत्तापासून तयार केलेलं बरं.

कॅम्पातला मास्तर

बाई, इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे वचनाच्या आधी साल विचारायची खोड आहे. रागावू नका.

३३ वी ओवी एकटी उचलू नका, अध्याय सलग वाचा. सिकंदर मेल्यावर सरदारांनी राज्य वाटून घेतलं. उत्तरेचा राजा म्हणजे सीरियाचं सेल्यूकस घराणं, दक्षिणेचा म्हणजे मिसरचं टॉलेमी घराणं. यहूदा म्हणजे यहुद्यांचा मुलूख या दोघांत सापडलेला, आज याचा, उद्या त्याचा. (दोघांच्या मध्ये राहणं काय असतं हे खानापूर-निपाणीच्या माणसाला शिकवायला नको.) २१ व्या ओवीपासून जो नीच राजा येतो तो चौथा अंतिओख, एपिफानेस, इ.स.पू. १७५ ते १६४. १६८ मध्ये मिसर त्याच्या हातात येणार, एवढ्यात रोमचा वकील पोपिलियस आडवा आला. त्यानं काठीनं राजाभोवती वाळूत रिंगण आखलं आणि बजावलं, उत्तर दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. राजा मुकाट मागं फिरला. ३० व्या ओवीतली कित्तीमची जहाजं म्हणजे हीच रोमची माणसं. असा भर चारचौघांत अपमान झालेला माणूस राग कुणावर काढतो? जो उलटून मारू शकत नाही त्याच्यावर. १६७ मध्ये यरुशलेमात शब्बाथ (यहुद्यांचा शनिवारचा विसावा) बंद, सुंता बंद, नियमशास्त्राच्या गुंडाळ्या दिसतील तिथं जाळायच्या, आणि मंदिरातल्या होमवेदीवर परकी वेदी.

पुढचं वर्गात सांगू नका. ज्या आयांनी मुलांची सुंता केली त्यांना ठार मारून ती तान्ही त्यांच्याच गळ्यात टांगली. शब्बाथाला हत्यार उचलायचं नाही म्हणून रानातल्या गुहांत लपलेले हजारेक लोक, बायकापोरांसकट, एक दगडही न फेकता मेले. हे आपल्या प्रोटेस्टंट शास्त्रात सापडणार नाही, जुन्या करारातला शेवटचा मलाखी संपला की आपला थेट नव्या करारातला मत्तय सुरू होतो. शेजारी कुणी गोव्याकडच्या कॅथलिक आंटी असतील तर त्यांचं बायबल मागून आणा. त्यात मक्काबींची दोन पुस्तकं आहेत. पहिल्याचे पहिले दोन अध्याय पुरेत.

आता मदत. मोदीन गावचा याजक मत्तथ्या आणि त्याचे पाच मुलगे उठले. बाप गेल्यावर यहूदा मक्काबीनं लढा चालवला आणि १६४ मध्ये मंदिर परत मिळवून शुद्ध केलं. यहुद्यांचा हनुक्का सण त्याचाच. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ३४ व्या ओवीतली मदत ती हीच. बघा की, आपल्याकडं अशा माणसाचा चौकाचौकात घोड्यावरचा पुतळा झाला असता, आणि इथं एका ओळीत आटोपलंय. मदतीला आलेल्यांत पुष्कळ जण वरवर सामील झालेले असतील, हेही लगेच सांगून टाकलंय! लिहिणाऱ्याचं लक्ष लढणाऱ्यांवर नाहीच, ते आहे समजावत फिरणाऱ्यांवर. १२:३ मध्ये त्यांच्याबद्दलच म्हटलंय की ते अंतराळाच्या तेजासारखे झळकतील. त्याच्या आधीच्या ओवीत मातीत निजलेले जागे होतात. मेलेल्यांच्या उठण्याबद्दल इब्री शास्त्रात इतकं उघड बोलणं क्वचितच आढळतं. ते नेमकं इथं आलंय, कारण चांगली माणसं सुटली नव्हती, मेली होती.

तुमच्या विद्यार्थिनीला ३:१८ वाचायला द्या. भट्टीपुढं उभे असताना ते तिघं राजाला म्हणतात की देव सोडवील, आणि न सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. सुटलेल्यांची गोष्ट आणि न सुटलेल्यांची, दोन्ही त्याच पुस्तकात आहेत.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. विधेयकावर त्यांचं मत असेल ते असो, मलाही आहे. पण गळ्यात लेकरू टांगलेल्या त्या बायकांच्या जागी आपण जाऊन बसू नये. त्यांना आधी त्यांचं दुःख त्यांचं म्हणून राहू द्यावं.

निपाणीकर

मास्तर, दानीएल बाबेलात होता, चारशे वर्षं आधी. हे अंतिओखाच्या वेळी लिहिलं गेलं हा आरोप इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाच्या, ख्रिस्ती धर्माच्या विरोधात लिहिणाऱ्या माणसानं केला, आणि जेरोम या जुन्या ख्रिस्ती पंडितानं त्याला उत्तर दिलंय. आणि मत्तय २४:१५ चं काय? पवित्र जागेतली ती अमंगळ गोष्ट प्रभू येशू दानीएलाचं नाव घेऊन पुढं घडायची म्हणून सांगतो. १६७ मध्येच सगळं संपलं असतं तर सांगितलं असतं का?

कॅम्पातला मास्तर

जेरोमनं उत्तर दिलं, खरंय. पण त्याचंही म्हणणं, अंतिओख हा नमुना आणि पुरतं घडायचं ते पुढं. म्हणजे नमुना त्यानं पुसला नाही. संपलं असं मीही म्हटलेलं नाही. तुम्ही पहिला मजला न बांधता थेट गच्चीवर चढताय, एवढीच तक्रार. पुस्तक कधी लिहिलं यावर भेटून भांडू, चहा माझ्याकडं.

टिळकवाडीची भाडेकरू

मध्येच बोलते. माझं माहेर अलिबागकडचं. तिथं नवगावला बेने इस्राएलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, स्मारक आहे. त्यांच्या परंपरेत सांगतात की पूर्वज याच अंतिओखाच्या जाचातून निसटले, किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. इतिहासकारांत याबद्दल एकमत नाही, पण सांगतात असं. पुढं ते तेल गाळायचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. घरात बोलणं मराठीच. हनुक्का त्यांच्या जुन्या सणांत नव्हता, बाहेरच्या यहुद्यांशी संबंध आल्यावर शिकले. आपण त्या विजयाच्या आधीच निघालो असं ते त्याचं कारण देतात.

खानापूरची सून

अगं बाई, शब्बाथ पाळणारे मराठी तेली! हे येत्या रविवारी वर्गात जाणारच. ३:१८ मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवलं. सासूबाईंना मास्तरांचं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, त्या बायकांची नावं लिहून ठेवलीत का कुणी? नाहीत म्हटलं तर चिडल्या.

आता एक शेवटचं. १२:११-१२ मध्ये १२९० दिवस आणि १३३५ दिवस आहेत. आमच्या मंडळीतले एक काका शेवट कधी येणार म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ते मोजत बसतात. त्यांना काय सांगू?

कॅम्पातला मास्तर

८:१४ मध्ये २३०० सुद्धा आहेत, ते काकांना सांगू नका. त्यातला एकेक दिवस म्हणजे एकेक वर्ष धरून अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभूच्या परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली होती. हजारो माणसं प्रभूची वाट बघत बसली, काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उजाडलं. एवढं ऐकवा आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावा, गॅसची तारीख त्यावरच लिहिलेली असेल.