'जन्मठेप' म्हणजे नेमकी किती?

धागाकर्ती: शिक्षाशास्त्रावरच्या एका शोधनिबंधाचं मराठी करते आहे आणि अडले आहे. निबंधात आजन्म कैदेचे चार-पाच प्रकार येतात, माझ्याकडे शब्द एकच: जन्मठेप. डर्क व्हॅन झील स्मिट आणि कॅथरीन ॲपलटन यांनी जगभरातल्या अशा शिक्षांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. २१६ देश-प्रदेशांपैकी १८३ ठिकाणी ही शिक्षा कायद्यात आहे. कुठे काही वर्षांनी सुटकेचा विचार होतो, कुठे होतच नाही. काही ठिकाणी तर माणसाचं आयुष्य पुरणार नाही इतक्या वर्षांची कैद ठोठावतात, पण तिला आजन्म म्हणत नाहीत. सगळीकडे 'जन्मठेप' लिहिलं की आपला वाचक 'चौदा वर्षं' असं वाचून पुढे जाणार. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद (फौजदारी वकिली): चौदाचं भूत आधी उतरवू. निकाल लागला की व्हरांड्यात पक्षकाराची आई हमखास विचारते, "दिवस-रात्र वेगळी धरतात ना साहेब? म्हणजे सातच वर्षं?" दिवस-रात्र वेगळी धरत नाहीत, आणि चौदाला सुटकाही ठरलेली नाही. चौदा आले ते १९७८ च्या दुरुस्तीतून, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मधून. आता ते नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७५ आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं काढल्याशिवाय या संहितेखाली सोडता येत नाही. म्हणजे तो उंबरठा आहे. तिथे पोचल्यावर सरकार अर्जाचा विचार करू शकतं, एवढंच. दुसरा घोळ जुन्या दंड संहितेच्या कलम ५७ चा (आता न्याय संहितेत कलम ६): शिक्षेचे अंश मोजताना जन्मठेप वीस वर्षांची धरा. ते फक्त हिशेबापुरतं. तेवढं वाचून कुणी वीस सांगतो, कुणी चौदा.

यावरचा मूळ निकाल महाराष्ट्राशीच निगडित आहे. गांधीखून खटल्यात १९४९ साली शिक्षा झालेले गोपाळ गोडसे आपली मुदत संपली म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६१ मध्ये उत्तर मिळालं की आजन्म म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. तुरुंगात कमवलेली सूट, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस, धरून सोडायचं की नाही हे सरकार ठरवेल. ते सुटले १९६४ मध्ये. कायद्याचा अर्थ 'मरेपर्यंत' आणि प्रत्यक्षात पंधरा-एक वर्षं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत दिसतात. मग लोकांनी चौदा धरले तर नवल काय?

प्रतिसाद (वृत्तपत्रात उपसंपादक): म्हणूनच आम्ही 'मरेपर्यंत जन्मठेप' छापतो. भाषाप्रेमी मंडळी द्विरुक्ती म्हणून नाकं मुरडतात, पण साध्या 'जन्मठेपे'वर वाचकाचा विश्वास राहिलेला नाही हो.

वकील: द्विरुक्ती खरी, पण ती खुद्द कायद्यानेच केली आहे. २०१३ च्या दुरुस्तीत बलात्काराच्या काही कलमांत आजन्म कारावास 'म्हणजे उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर' असं मुद्दाम घातलं गेलं. तुमचा मथळा अशा निकालाला शोभतो. साध्या जन्मठेपेला तो लावू नका. मात्र 'दुहेरी जन्मठेप' छापता, तिथे जरा थांबा. २०१६ मध्ये घटनापीठाने सांगितलं की अनेक जन्मठेपा देता येतील, पण त्या एकामागून एक भोगायला लावता येणार नाहीत. माणसाला आयुष्य एकच.

प्रतिसाद (इतिहासाचा वाचक): मग सावरकरांची पन्नास वर्षं कशी? डिसेंबर १९१० मध्ये एक आणि जानेवारी १९११ मध्ये दुसरी, अशा दोन शिक्षा झाल्या. एकेक पंचवीसची धरून पन्नास.

वकील: ती शिक्षा 'काळ्या पाण्याची', आजन्म हद्दपारीची. १९५५ च्या कायद्याने ती संहितेतून गेली आणि तिच्या जागी आजन्म कारावास आला. मराठीत मात्र दोन्हींना जन्मठेपच म्हणत राहिलो, त्यामुळे जुन्या शिक्षेचा हिशेब नवीला चिकटला. निबंधात १९५५ च्या आधीचे खटले असतील तर तिथे 'जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा' असं पूर्ण लिहा, 'आजन्म कारावास' नको.

धागाकर्ती: हे उपयोगी. आणि भारतातली ती मधली शिक्षा? 'तीस वर्षं सूट नाही' अशी?

वकील: सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या श्रद्धानंद निकालात ती आली: फाशी जास्त वाटते, चौदानंतर सुटका कमी वाटते, म्हणून मधली पायरी. २०१५ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली, पण असा हुकूम फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने द्यायचा. सत्र न्यायालयाने नाही. 'तीस वर्षं सुटीविना' लिहू नका, ती सुट्टी वाटेल! 'तीस वर्षं शिक्षेत सूट न देता' लिहा.

धागाकर्ती: असं ठरवते. सर्वसाधारण अर्थाने 'आजन्म कारावास'. सुटकेचा विचार होणार असेल तर 'पुनर्विचारासह', दार बंदच असेल तर 'सुटकेविना'. आणि नाव न घेता दिलेली, ती 'आजन्म ठरणारी दीर्घ कैद'. 'जन्मठेप' फक्त भारतीय निकालांच्या अवतरणांत. आता युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा २०१३ चा विंटर निकाल उरला. सुटकेची वाट पूर्ण बंद ठेवणं हे अमानुष वागणूक ठरतं, असं तो म्हणतो. त्यातल्या एका न्यायाधीशांच्या सहमतीच्या मतात 'आशेचा हक्क' येतो. शब्दशः ठेवला आहे, जरा कवितेसारखा वाटतो.

उपसंपादक: राहू द्या. 'सुटकेच्या शक्यतेचा अधिकार' केलंत तर कुणी वाचणार नाही.

प्रतिसाद (कारागृहात अनेक वर्षं नोकरी): 'सूट' कागदावर. बराकीत तिला माफीच म्हणतात. कामाचे, वर्तणुकीचे दिवस मिळतात आणि बंदी ते तोंडपाठ ठेवतो. बाहेर मात्र 'कैद्याला माफी' वाचलं की लोकांना वाटतं, सरकारने गुन्हा पोटात घातला. दोष कायम असतो, फक्त दिवस कमी होतात. राष्ट्रपती-राज्यपाल देतात ती क्षमा वेगळी. तसंच संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल). पहिली शिक्षेत काढलेल्या काळावर ठरावीक अंतराने मिळते. दुसरीला घरात आजारपण, मृत्यू, लग्न असं काही कारण दाखवावं लागतं. दोन्हींना 'पॅरोल' लिहून मोकळं होऊ नका, निबंधाचे आकडे चुकतील.