सुरुवात सॅन अँटोनियोतून

अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषेच्या रेडिओचा विषय निघाला की लॉस एंजेलिसच्या केएलएएक्स या स्टेशनबद्दल जे सांगितलं जातं ते खरंच आहे. १९९२ मध्ये बांदा आणि रांचेरा ही मेक्सिकन गाणी लावून त्याने शहरातल्या इंग्रजी स्टेशनांनाही मागे टाकलं, तेव्हा जाहिरातदार चक्रावले होते. पण "स्पॅनिश रेडिओ तिथूनच उभा राहिला" हे काही पटत नाही. त्याआधीचं टेक्सास विसरून कसं चालेल?

टेक्सासातल्या सॅन अँटोनियोचं केसीओआर हे स्पॅनिश रेडिओ स्टेशन १९४६ साली सुरू झालं. मालक राउल कोर्तेझ, जन्म मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ राज्यातला. त्याआधी ते दुसऱ्यांच्या स्टेशनवर तासांच्या हिशेबाने वेळ विकत घ्यायचे आणि त्यात बसतील तेवढ्या जाहिराती स्थानिक दुकानदारांकडून स्वतः मिळवायचे. तेव्हाची रीतच ती होती. स्पॅनिश कार्यक्रमांना मिळायची पहाटेची वेळ, जी इंग्रजीवाल्यांना नको असायची. लॉस एंजेलिसमध्ये पेद्रो गोन्झालेझ १९३० च्या सुमारास अशाच पहाटे गायचे. कामावर निघालेले मेक्सिकन मजूर हेच त्यांचे श्रोते!

भाड्याच्या तासांवरून दिवसभराच्या स्वतःच्या स्टेशनपर्यंत जाणं, तेही १९४६ च्या टेक्सासमध्ये, ही मला केएलएएक्सच्या रेटिंगपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट वाटते. कोर्तेझ तिथेच थांबले नाहीत. १९५५ मध्ये त्यांनी स्पॅनिश टीव्हीही काढला, चॅनेल ४१. तो यूएचएफ या उच्च फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर होता, जो तेव्हाचे बरेच सेट पकडत नसत, त्यामुळे बहुतेकांना घरच्या सेटला वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागे. पुढे १९६१ मध्ये तो त्यांचे जावई एमिलिओ निकोलस आणि भागीदारांकडे गेला. आजच्या युनिव्हिजन या अमेरिकेतल्या स्पॅनिश टीव्ही नेटवर्कचं मूळ तेच.