ऑटोक्रॉससाठी टायर घेताना ट्रेडवेअरच्या आकड्यावर जावं का?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल स्विफ्ट, टायर १८५/६५ आर १५. रोज घोडबंदर रोड ते ऐरोली ऑफिस, आणि पावसाळा सरला की ऑटोक्रॉसला (शंकू मांडलेल्या वळणाच्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजतात ती स्पर्धा) उतरायचंय. दुसरा सेट ठेवायला जागा नाही, एकाच सेटवर दोन्ही भागवायचंय. दुकानदाराने दोन कंपन्यांचे टायर दाखवले, एक ३०० ट्रेडवेअरचा, एक ४०० चा. ३०० वाला जास्त पकड देणार असं धरून चालू का?

नेरूळ गॅरेज:
नका धरू. तो आकडा पकडीचा नाहीच, झिजेचा आहे. टेक्सासच्या रस्त्यांवर ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किलोमीटर गाडी पळवून झीज नमुना टायरशी ताडतात. नमुन्याला १०० धरलेलं असतं; आकडा मोठा म्हणजे टायर जास्त टिकणारा. पण टायरवर काय छापायचं ते शेवटी कंपनीच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर असतील तरच तुलनेला थोडा अर्थ. अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबच्या ऑटोक्रॉसला स्ट्रीट वर्गात किमान २०० ची अट आहे, म्हणून तिकडच्या कितीतरी मऊ टायरांवर नेमकं २०० च सापडतं.

खरी प्रतवारी ट्रॅकवर होते. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, दिवस तोच. आधी जुना सेट, मग नवा, मग परत जुना. हा तिसरा टप्पा लोक हमखास गाळतात. दुपारपर्यंत डांबर तापतं, हातही बसतो, वेळ आपोआप सुधारते आणि श्रेय नव्या टायरला जातं.

गाडी थांबल्या थांबल्या सुईवाला तापमापक रबरात टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजा. वरचं रबर भराभर निवतं, म्हणून वरवरच्या मापावर विसंबू नका. मध्य जास्त तापला तर हवा जास्त आहे. बाहेरची कड तापून घासण साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या) त्रिकोणी खुणेच्याही खाली उतरली, तर हवा कमी. आणि कृपा करून हे प्रयोग रात्री पाम बीच रोडवर नकोत.

कळव्याहून:
रोजच्या वापराचं आहे, तर ओल्या रस्त्यावरची पकड आधी बघा. साइज बदलायचीच तर १९५/६० आर १५ बसेल, व्यासात जेमतेम एक टक्का फरक. त्याहून कमी उंचीचा साइडवॉल घोडबंदरच्या खड्ड्यांत फुगतो.

घोडबंदरकर:
धन्यवाद दोघांनाही. दुकानदार ४०० वाल्यावर बरीच सूट देतोय, ते का असावं?

नेरूळ गॅरेज:
टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. ३१२२ असेल तर २०२२ चा एकतिसावा आठवडा. जुना माल असेल तर रबर कडक झालेलं असतं, सूट कितीही असली तरी ऑटोक्रॉससाठी घेऊ नका.